आधी नमाज, मग षड्ज

मद्रासहून पाँडिचेरीकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवर, चेंगलपट्टूच्या अलीकडे, सिंगपेरुमाळकोइल नावाचं एक लहानसं स्टेशन आहे. २७ ऑक्टोबर १९३७ च्या रात्री त्या स्टेशनावर एक सडपातळ वृद्ध गृहस्थ शिष्यांच्या आधाराने गाडीतून उतरले. मद्रासचं गाणं आटोपून ते पाँडिचेरीला, अरविंदांच्या आश्रमाकडे निघाले होते. गाडीतच त्यांना अस्वस्थ वाटू लागलं होतं. शिष्यांनी फलाटावर अंथरूण घातलं. त्यावर बसून त्यांनी आधी नमाज पढली. मग तंबोरा जुळवायला सांगितला आणि दरबारीच्या सुरांत ते कलमा गात राहिले. गाणं थांबलं, ते आडवे झाले आणि तिथेच त्यांचा श्वास थांबला.

हे होते उस्ताद अब्दुल करीम खाँ. वयाची पासष्ट वर्षं पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा उरला होता. इस्लामी पंचांगाप्रमाणे तो शाबान महिना होता आणि रमजान आठ-दहा दिवसांवर आला होता. आयुष्यभर ज्यांनी रोजे धरले, त्यांचा तो रमजान राहून गेला.

ही हकीकत मी प्रथम ऐकली ती कुठल्या संगीतमंडळात नव्हे. मिरजेला बँकेत माझ्या हाताखाली काम करणाऱ्या एका कॅशियरकडून ऐकली. त्याची गोष्ट पुढे येईलच. पण आता माझीही पासष्टी उंबऱ्यावर आली आहे आणि अलीकडे त्या फलाटाचा विचार वारंवार मनात येतो. शेवटच्या घटकेला माणसाच्या हाताशी नेमकं काय येतं? खाँसाहेबांच्या हाताशी नमाज आली आणि तंबोरा आला. माझ्या हाताशी काय येईल?

मी साताऱ्याचा. आमच्या घरात गाणं म्हणजे रेडिओ. किराणा घराणं हा शब्द लहानपणी ऐकला तेव्हा हे वाणसामानाच्या दुकानदारांचं घराणं असावं, असंच मला वाटलं होतं. किराणा म्हणजे उत्तर प्रदेशातलं कैराना गाव, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्या गावी १८७२ साली अब्दुल करीम जन्मले. वडील काले खाँ, चुलते अब्दुल्ला खाँ, सगळं घरच सुरांवर जगणारं. पोराने सारंगी वाजवली, बीन हाताळली, वाद्यं उघडून दुरुस्त करायला शिकलं आणि गळ्याने तर सगळ्यांनाच मागे टाकलं. तारुण्यातच ते बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या दरबारात पोहोचले.

तिथे आयुष्याने पहिलं वळण घेतलं. राजघराण्याशी नातं असलेले सरदार मारुतीराव माने यांची कन्या ताराबाई खाँसाहेबांकडे गाणं शिकत होती. दोघांचं मन जुळलं. मराठा सरदाराची लेक आणि मुसलमान गवई हे त्या काळच्या बडोद्याला मानवणारं नव्हतंच. दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेला आली.

मिरज तेव्हा पटवर्धनांच्या संस्थानाचं गाव. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी तिथेच विष्णु दिगंबरांना घडवलं. पूर्वी हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे तंबोरे आणि सतारी घडवू लागले होते. पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे भोपळे आणायचे, वाळवायचे आणि त्यांतून सूर काढायचा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामागे ही एवढी जुनी पुण्याई आहे. स्वतः वाद्यं दुरुस्त करणाऱ्या खाँसाहेबांना हे गाव मानवलं यात नवल नाही.

पण त्यांना मिरजेत कायमचं बांधून ठेवलं ते ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याने. प्लेगच्या साथीत खाँसाहेब मिरजेत आजारी पडले, दर्ग्यात जाऊन पडले आणि बरे झाले, अशी आठवण गावात सांगितली जाते. तेव्हापासून दर उरसाला मीरासाहेबांपुढे हजेरी लावायची, हा त्यांचा नेम झाला. दर्ग्याच्या आवारात एक चिंचेचं झाड आहे. त्याच्याखाली बसून ते गायचे. समोर ना दरबार असे ना बिदागी. गाण्याचा मोबदला आधीच मिळालेला आहे, आता फक्त देणं फेडायचं, अशा भावनेने ते गात असावेत.

हा उरूस रजब महिन्यात येतो. रजबनंतर शाबान आणि शाबाननंतर रमजान. भाविक मुसलमान हे तीन महिने एका जिन्याच्या तीन पायऱ्यांसारखे मानतात. रजबमध्ये मन वळवायचं, शाबानमध्ये सवय लावायची आणि रमजानमध्ये प्रत्यक्ष उतरायचं. पहाटे सहेरी करून दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता रोजगाराची कामं करायची. सूर्यास्ताला रोजा सोडायचा. रात्री तरावीहच्या नमाजीत उभं राहून महिनाभरात कुराण ऐकून पुरं करायचं. शेवटच्या दहा दिवसांत काहीजण मशिदीतच एतेकाफला बसतात. वर्षभर शिल्लक राहिलेल्या धनाचा चाळिसावा हिस्सा जकात म्हणून काढायचा आणि ईदच्या नमाजीआधी फित्रा द्यायचा, म्हणजे गरिबाच्या घरीही सण होतो. उपाशी राहणं हा या साऱ्याचा केवळ बाहेरचा भाग. जीभ, डोळे आणि राग यांचाही रोजा असतो. खोटं बोलून, कुणाचं मन दुखवून पोट रिकामं ठेवलं तर त्यातून भूक तेवढी पदरात पडते.

खाँसाहेबांच्या तालमीची वर्णनं वाचताना मला नेहमी याच महिन्याची आठवण होते. शिष्य आला की लगेच चीज हातात पडत नसे. आधी षड्ज. एकाच सुरावर श्वास टिकवायचा, तो हलू द्यायचा नाही, फुगू द्यायचा नाही. तानेची भूक लागली तरी ताना घ्यायच्या नाहीत. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे पुढचे सवाई गंधर्व, त्यांच्याकडे आले तेव्हा आठ वर्षं शिकायचं असं ठरलं होतं. आठ वर्षं! आजच्या पालकांना आठ महिने म्हटलं तरी घाम फुटेल. पण त्या संयमातूनच तो आवाज घडला. त्या आवाजाच्या एका ध्वनिमुद्रिकेचं सामर्थ्य पाहा. खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी ऐकून गदगचा एक अकरा वर्षांचा मुलगा १९३३ साली घर सोडून गुरूच्या शोधात निघाला आणि हिंडत हिंडत अखेर सवाई गंधर्वांच्याच दाराशी पोहोचला. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

आमच्या साताऱ्याचाही या चरित्रात एक धागा आहे आणि निवृत्त अधिकारी म्हणून मला त्याचं विशेष कौतुक आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झाले आणि बावीस श्रुतींच्या मागे लागले. १९१० साली त्यांचा इंग्रजी ग्रंथ निघाला. अर्नेस्ट क्लेमंट्स या इंग्रज न्यायाधीशांच्या साथीने १९११ मध्ये साताऱ्यात फिलहार्मोनिक सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया स्थापन झाली. श्रुती मोजायच्या तर त्या अचूक लावून दाखवणारा गळा हवा. तो खाँसाहेबांचा होता. देवल तारेची लांबी मोजायचे आणि खाँसाहेब सूर लावायचे. देवलांचं गणित पुढे पंडितांनी वादात ओढलं. पण मला त्यातली एक गोष्ट भावते. जे मोजता येतं ते मोजू द्यायला खाँसाहेबांची हरकत नव्हती. मोजून झाल्यावर जे उरतं, ते घेऊन ते दर्ग्यात जात.

१९१३ साली त्यांनी पुण्यात संगीतशाळा काढली आणि तिचं नाव ठेवलं आर्य संगीत विद्यालय. पाच वेळा नमाज पढणाऱ्या उस्तादाने शाळेला हे नाव द्यावं, गरीब ब्राह्मणांची मुलं घरात ठेवून घ्यावीत, त्यांना शिकवावं आणि जेवू घालावं, याचा त्या वेळी कुणी गवगवा केला नाही. पुढे म्हैसूरच्या दरबारात जाता-येता ते कर्नाटक संगीत मनापासून ऐकत राहिले. त्यागराजांची रामावरची तेलुगू कृती त्यांनी ध्वनिमुद्रित केली. स्वतःचा रोजा आणि नमाज न सोडता त्यागराजांचा राम गाताना त्यांना अडचण आली नाही. ज्याचं अंगण पक्कं असतं, त्याला शेजारच्या अंगणात पाऊल टाकताना भीती वाटत नाही.

इथवर लिहिलं तर ही एका संताची गोष्ट होईल. तशी ती नाही. १९१८ च्या सुमारास ताराबाई पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या. घरात काय बिनसलं याबद्दल नाना तऱ्हेने लिहिलं गेलं आहे, मी त्यात भर घालत नाही. पण झालं ते एवढं, की मुलांनी बापाचं नाव लावलं नाही. अब्दुल रहमान सुरेशबाबू माने झाले. हिराबाई आणि कमलाबाई बडोदेकर झाल्या. धाकट्या सरस्वतीबाई पुढे राणे झाल्या. बापाचा सूर तेवढा पाचांच्याही गळ्यात राहिला. हिराबाई साऱ्या महाराष्ट्राच्या लाडक्या गायिका झाल्या, पण ज्या शाळेच्या अंगणात हे घर वाढलं, ती शाळा काही वर्षांत मिटली आणि खाँसाहेब मिरजेला परतले. मिरजेच्या घरात पुढे नवा संसार झाला, नवे शिष्य आले, रोशनआरा बेगम शिकायला आल्या. पण ज्या पोरांना मांडीवर घेऊन सा शिकवला, त्यांची वाट वेगळी झाली होती.

मला कादंबरीकार म्हणून या जागी थांबावंसं वाटतं. साधना माणसाला निर्दोष करते, असं आपण समजतो. खाँसाहेबांचं आयुष्य तसं सांगत नाही. पाच वेळा नमाज आणि आठ तास रियाज करणाऱ्या माणसाचंही घर मोडू शकतं. मग या साऱ्याचा उपयोग काय? मोडल्यानंतरही तो सकाळी उठून षड्ज लावतो आणि रजब आला की चिंचेखाली जाऊन बसतो, एवढाच असेल कदाचित. त्यांच्या त्या उत्तरायुष्यातल्या ध्वनिमुद्रिका ऐका. आवाज बारीक आहे, कुठे आव नाही, फुशारकी नाही, एक आर्जव सतत पाझरत असतं. भैरवीतल्या ठुमरीत तर असं वाटतं, की एक माणूस बंद दाराबाहेर उभा आहे आणि कडी न वाजवता बोलावतो आहे.

आता एका नाजूक प्रश्नाकडे वळतो. गाणं ही इबादत होऊ शकते का? इस्लाममधल्या अनेक विद्वानांना हे मान्य नाही. दर्ग्यात गाणं व्हावं हेही काहींना मान्य नाही. रमजानात तर कित्येक घरांत वाद्यांवर कापड पडतं. याउलट सूफी परंपरेत, विशेषतः चिश्ती खानकाहींत, ऐकणं ही साधनाच मानली गेली. हा वाद सातशे-आठशे वर्षांचा आहे आणि मिटवायला मी कोण? खाँसाहेबांनी त्यावर प्रवचन केलेलं नाही. त्यांनी फक्त क्रम पाळला. आधी नमाज, मग षड्ज. गाणं नमाजीच्या जागी त्यांनी कधी बसवलं नाही. गाण्यासाठी नमाज सोडली नाही आणि नमाजीसाठी गाणं टाकलं नाही. त्या फलाटावर, अंगात त्राण नसताना, तोच क्रम आपोआप पाळला गेला.

आता त्या कॅशियरची गोष्ट सांगतो. १९९४ सालचा रमजान फेब्रुवारी-मार्चमध्ये आला होता. बँकेत वर्षअखेरीची घाई होती. एका संध्याकाळी कॅश जुळेना. २,७०० रुपये कमी. कॅशियर माझ्यापेक्षा वयाने मोठा, अबोल, रोजे धरणारा. दोन वेळा नोटा मोजून झाल्या. घरी जायला उशीर होत होता आणि मी सगळ्यांच्या देखत त्याला म्हणालो, की दिवसभर उपाशी राहून मोजदाद केली की असंच व्हायचं, उद्यापासून दुसऱ्याला कॅशवर बसवावं लागेल. चारचौघांत म्हणालो. दोघे-तिघे हसलेही.

तो काही बोलला नाही. सूर्य मावळला होता. पिंजऱ्यातच त्याने रुमालातला खजूर काढला, पाणी प्यायला, माझी परवानगी घेऊन जवळच्या मशिदीत गेला आणि पंधरा मिनिटांत परत आला. मग शांतपणे एक-एक व्हाउचर माझ्या रजिस्टरशी ताडून पाहू लागला. बँकेतल्या जुन्या लोकांना ठाऊक असतं, की फरकाला नऊने भाग गेला तर कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते. २,७०० ला नऊने भाग जातो. हे मला सुचायला हवं होतं. त्याने ५,२०० रुपयांचं एक व्हाउचर काढलं आणि रजिस्टरातल्या नोंदीशेजारी ठेवलं. रजिस्टरात २,५०० लिहिलेले होते. अक्षर माझं होतं. पोटभर जेवलेल्या माणसाचं.

त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. व्हाउचर ठेवलं, पेटी बंद केली, किल्ली घेतली. मी त्याची माफी मागितली नाही. साहेबाने कॅशियरची माफी मागायची नसते, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. ईदच्या दिवशी त्याच्या घरून शिरखुर्म्याचा डबा आला. तो मी खाल्ला आणि तरीही काही बोललो नाही.

त्याच वर्षीच्या डिसेंबरअखेरीस रजब होता, उरूस होता. त्याने मला विचारलं, गाणं ऐकायला येता का. मी गेलो. मिरजेच्या उरसात मानाचा गलेफ चर्मकार समाजाचा असतो, हे त्याने मला वाटेत सांगितलं. थंडी मी म्हणत होती. दर्ग्याच्या आवारात चिंचेपाशी सतरंज्या घातल्या होत्या. खाँसाहेबांनंतर त्यांच्या स्मरणार्थ ही हजेरी चालू राहिली आहे. हिराबाई इथे गाऊन गेल्या, गंगूबाई हनगल गाऊन गेल्या, भीमसेन जोशी गाऊन गेले. बापाचं नाव न लावलेल्या लेकीने बापाच्या कबरीजवळ बसून त्याचाच सूर लावला, यापेक्षा अधिक मी काय लिहू? दोन गाण्यांच्या मधे, गरम चहाचा पेला हातात धरून, कॅशियरने मला त्या फलाटाची हकीकत सांगितली. मद्रासकडून त्यांचं शरीर इथवर कसं आणलं, तेही सांगितलं आणि बोटाने कबर दाखवली.

तेव्हा कुठे मी त्याला मार्चमधल्या त्या संध्याकाळबद्दल बोललो. चूक माझी होती, एवढंच म्हणालो. त्याने मान डोलावली. मग थोड्या वेळाने म्हणाला, की त्याला त्या दिवशी फार राग आला होता. मशिदीत तो राग सोडायलाच गेला होता. एका नमाजीत सुटला नाही, म्हणून सगळी व्हाउचरं तपासेपर्यंत तो एक शब्दही बोलला नव्हता.

त्या रात्री मला रोजा म्हणजे काय ते कळलं, असं म्हणणार होतो. पण ते खरं नाही. तेव्हा मी फक्त ऐकलं. कळायला तीस वर्षं गेली. निवृत्तीनंतर माझ्या लक्षात आलं, की पस्तीस वर्षं रोज सकाळी दहा वाजता बँकेत हजर राहणं हा माझा एकमेव नेम होता आणि तो बँकेचा होता, माझा नव्हता. तो सुटला तसा मी रिकामा झालो. ज्या माणसाकडे स्वतःचा नेम आहे, त्याला निवृत्ती नसते. खाँसाहेब चौसष्टाव्या वर्षी गाडीने पाँडिचेरीला निघाले होते. आदल्या दिवशीही त्यांनी सूर लावला होता, त्याच्या आदल्या दिवशीही.

त्या फलाटावर जे झालं त्याला लोक चमत्कार म्हणतात. मला तो हिशेब वाटतो. चाळीस-पन्नास वर्षं रोज थोडं थोडं जमा केलं, ते त्या रात्री एकरकमी हाती आलं. रमजानचे तीस दिवसही मला असेच वाटतात. वर्षाच्या उरलेल्या दिवसांसाठी भरलेली ती ठेव असते. महिना संपला की रोजा संपतो, पण तहान लागलेली असताना गप्प राहता येतं, ही ओळख अंगात उरते. एखाद्या मार्चच्या संध्याकाळी, भरल्या पोटाचा साहेब चारचौघांत अपमान करतो, तेव्हा ती उपयोगी पडते.

मी मुसलमान नाही, गवई तर नाहीच. पण गेल्या वर्षापासून पहाटे उठतो. आधी अजिंक्यताऱ्याच्या वाटेवर थोडं चालतो. परत आलो की खिडकीशी बसून घटकाभर काहीही करत नाही, बोलत नाही, वर्तमानपत्र उघडत नाही. पहिल्या महिन्यात दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होतो. आता कमी पाहतो. एवढीच माझी जमा.

तुम्ही कधी मिरजेला उतरलात तर दर्ग्यात जरूर जा. खाँसाहेबांची कबर साधी आहे. चिंचेखाली सावली असते. कॅशियर आता थकला आहे, डोळ्यांनी अधू झाला आहे. पण रजबचा चंद्र दिसला की त्याचा फोन येतो. येता का, एवढंच विचारतो. यंदाही मी जाणार आहे.